पाठीमागचा पूल

पुलाच्या तोंडाशी ही गर्दी जमली होती आणि गर्दीतला एकूण एक माणूस पुलाकडे पाठ करून उभा होता. ऊन नदीच्या बाजूनं येत होतं, म्हणून सगळ्यांनी तिकडं पाठ फिरवून आपापल्या सावलीत फोन धरले होते. फोनमध्ये आमचा पूल पडत होता.

"गेला, गेला! मधला गाळा गेला!"

"बस बघ, बस! अख्खी बस पाण्यात!"

"अगं बाई गं! पुन्हा लावा हो, मला नीट दिसलं नाही."

मी त्या वेळी पुलाखालून वर येत होतो. हातात हातोडी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. या पुलाच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे. खांब ठोकून आवाज ऐकायचा, खांबांवर पूल जिथं टेकतो तिथली बेअरिंग साफ ठेवायची, दोन गाळ्यांच्या मधल्या फटीत अडकलेली खडी काढायची, हेच मी करत आलोय. सकाळपासून मी पुलाच्या पोटाखाली होतो आणि पूल माझ्या डोक्यावर धडधाकट उभा होता. त्याच्याखालून निघून मी लोकांच्या मागे येऊन उभा राहिलो आणि बेकरीवाल्याच्या खांद्यावरून फोनमध्ये तोच पूल पडलेला बघितला.

काय पडला होता म्हणून सांगू! धूळ, फवारे, लोकांच्या किंकाळ्या. कठड्याचा हिरवा रंगसुद्धा आमचाच. आणि मग पडद्यावर उद्याबाबा. पांढरी दाढी, मागे निळा प्रकाश, बोलणं असं की मधाची बरणी उपडी केलेली.

"बाळांनो, काल काय झालं ते वर्तमानपत्र सांगतं. आज काय होतंय ते कोणीही सांगेल. मी उद्या बघतो! माझ्या अंतर्दृष्टीला आता कॅमेरा जोडला गेलाय. जे मला दिसतं ते तुम्हालाही दिसेल. येत्या शुक्रवारी हा पूल नदीच्या पोटात जाईल. जो हे दृश्य पुढे पाठवेल त्याचं घर सुरक्षित राहील. जो दाबून ठेवेल, त्याचं मी काही सांगू शकत नाही."

व्हिडिओ पुढे पाठवल्यानं घर कसं सुरक्षित राहतं, हे मला आजवर कुठल्याही इंजिनिअरनं शिकवलेलं नाही.

"अहो," मी म्हणालो, "मागे वळून बघा की. पूल उभा आहे."

"आज उभा आहे," बेकरीवाला म्हणाला. "शुक्रवारचं बोला."

"मी आत्ता खालून आलोय. खांबाला ओरखडा नाही."

"ओरखडा नाही? मग ही भेग कसली?" त्यानं मला हाताला धरून पुलावर नेलं. म्हणजे स्वतः काठावर थांबला आणि बोटानं दाखवलं. रस्त्यात आडवी फट होती, बोटभर रुंद.

ती फट पुलाला जन्मापासून आहे. तिला जॉइंट म्हणतात. उन्हात पूल लांबतो, गारव्यात आखडतो, त्याला हलायला जागा लागते. ती नसती तर पूल खरोखरच तडकला असता. मी हे सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून सांगितलं, दोन्ही तळवे एकमेकांजवळ नेऊन सांगितलं. लोक रोज त्या फटीवरून जात होते, रोज चाकाखाली 'धडक' आवाज ऐकत होते, पण कोणी खाली बघितलं नव्हतं. आता बघितलं ते उद्याबाबाच्या डोळ्यांनी.

"तुम्ही पुलाचेच माणूस," गर्दीतून एक बाई म्हणाल्या. "तुम्ही दुसरं काय बोलणार?"

म्हणजे मी पुलाचं काम करतो, म्हणून पुलाबद्दल माझं ऐकायचं नाही. ज्यानं हा पूल आयुष्यात पाहिला की नाही हेही कोणाला माहीत नाही, त्याचं ऐकायचं. मी हातोडी खाली आपटली. त्या आवाजानं चार माणसं मागे पळाली.

उद्याबाबाचं प्रस्थ वाढलं होतं ते मंडईच्या छपरामुळे. गेल्या महिन्यात त्यानं मंडईचं छप्पर कोसळताना दाखवलं आणि आठवड्याच्या आत ते खरंच कोसळलं. ते छप्पर पडणार हे त्यावर बसणाऱ्या कबुतरांनाही माहीत होतं. खाली वर्षभर बांबूचे टेकू होते. पण टेकू कोणाच्या लक्षात राहिले नाहीत आणि व्हिडिओ सगळ्यांच्या लक्षात राहिला. तेव्हापासून इकडून तिकडून सगळ्या ग्रुपमध्ये उद्याबाबा. 'उद्याचं उद्याआधी बघायचं असेल तर वर्गणी भरून खास सदस्य व्हा,' असंही तो अधूनमधून सांगायचा. दिव्य दृष्टीलाही वर्गणी लागते.

मी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण वहिनींचं डायलिसिस नदीच्या पलीकडे होतं.

दादा गेल्यापासून वहिनी आमच्याकडेच राहतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले आहेत. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना मशीनवर जावं लागतं. मशीन रक्त धुऊन देतं. चुकलं, तर अंगात पाणी साठतं, आणि ते फुप्फुसात शिरलं की माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

वहिनींना न्यायचा तो त्यांचाच जुना विद्यार्थी, टॅक्सीवाला. नेण्याचं कारणही तसंच होतं. त्याची आई त्याच मशीनवर जायची, अगदी शेजारच्या खुर्चीवर. त्या दोघी एकाच टॅक्सीत मागे बसून जायच्या, दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याचे घोट मोजायच्या, नर्सच्या नकला करायच्या आणि परत येताना एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या. एकीला सोडून दुसरी गेली, असं कधी झालं नव्हतं.

बुधवारी टॅक्सी आलीच नाही. फोन उचलला नाही. मी त्याच्या घरी गेलो तर तो दारात उभा.

"काका, मी नाही जाणार पुलावरून."

"अरे, शुक्रवार म्हणतोय ना तुझा बाबा? आज बुधवार आहे."

"बाबाचा दिवस चुकला तर? मागे आई बसलेली असते. आईला घेऊन मी त्या पुलावर जाऊ?"

"आणि मशीन चुकलं तर आईचं काय होईल?"

"मशीन पुन्हा मिळेल. आई पुन्हा मिळेल का?"

तो वाईट माणूस असता तर मी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. पण तो आईवरच्या मायेनं आईला मारायला निघाला होता. आतून त्याच्या आई मला हाक मारून म्हणाल्या, "बाईंना सांगा, आज दांडी." आणि हसल्या. हसताना त्यांना धाप लागली.

बस केव्हाच बंद झाली होती, 'खबरदारी म्हणून'. अँब्युलन्सवाल्याला बायको पुलावर येऊ देईना. नदीतली नाव तर पूल झाल्या वर्षीच बंद पडली. मी ऑफिसात साहेबांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही इंजिनिअर, सहीनिशी जाहीर करा की पूल सुरक्षित आहे.

साहेबांनी आवाज खाली आणला. "पूल ठणठणीत आहे, ते मला माहीत नाही का? पण वातावरण बघताय ना? शुक्रवार जाऊ द्या, मग जाहीर करू."

"शुक्रवारनंतर जाहीर करून काय उपयोग?"

"तेव्हा कोणी वाद घालणार नाही," साहेब म्हणाले.

निदान ऑफिसची जीप तरी द्या म्हटलं. जीप त्यांनी पलीकडच्या काठावर नेऊन लावली होती. सुरक्षित राहावी म्हणून.

गुरुवारी वहिनींचे पाय सुजून चपला घालता येईनात. आडवं पडलं की श्वास अडकायचा, म्हणून त्या उशांना टेकून बसल्या होत्या. आमची ही त्यांचे पाय चेपत होती. मी फोनवर एका ग्रुपमध्ये 'हे थोतांड आहे' असं लिहीत होतो आणि लोक मला हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. माझं डोकं फिरलं होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ओरडू नका. तुमच्या ग्रुपवर आलाय तो व्हिडिओ मला परत दाखवा."

मी दाखवला. त्यांनी आपला फोन शेजारी धरला. त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही उद्याबाबाच होता, शुक्रवारच होता, पूलही आमचाच होता. दोन्ही एकदम सुरू केले. माझ्या फोनमध्ये मधला गाळा पडला. त्यांच्या फोनमध्ये पलीकडच्या काठाजवळचा.

वहिनींनी दोन्ही पुन्हा लावून बघितले.

"एकच शुक्रवार," वहिनी म्हणाल्या, "आणि एकच पूल. दोन ठिकाणी कसा तुटेल?"

इतके दिवस मी लोकांना पुलाबद्दल सांगत होतो. बेअरिंग, जॉइंट, खांब. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की पुलाकडे जायचीही गरज नाही, नुसते दोन फोन शेजारी ठेवायचे. पण ठेवतं कोण? जो तो आपल्या ग्रुपवर आपल्या माणसानं पाठवलेलं बघतो. मेहुण्यानं पाठवलंय म्हणजे मेहुण्याइतकंच खरं.

शुक्रवारी सकाळी पुलाच्या तोंडाशी जत्रा होती. पूल पडताना बघायला लोक मुलांना घेऊन आले होते. आज मात्र त्यांनी पुलाकडे तोंड केलं होतं. मी वहिनींना चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आणलं. सोबत आमच्या गल्लीतली फोटो स्टुडिओवाली होती. तिला वहिनींनी मुद्दाम बोलावलं होतं.

वहिनींनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच. आणि काय सांगू, ती एवढी मोठी माणसं गप्प झाली.

"फोन काढा," वहिनी म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता म्हणून थांबून थांबून बोलत होत्या. "उद्याबाबाचा व्हिडिओ लावा. आणि आपला नाही, शेजारच्याचा बघा."

आधी कुजबुज. मग कोणीतरी म्हणालं, "हा तर इकडून तुटतोय." "माझ्यात आग लागलीय." "अहो, माझ्यात पूल नाहीच, शाळेची भिंत आहे. शुक्रवारीच." बेकरीवाल्याच्या कामगारांच्या ग्रुपवर तर बेकरीची भट्टी फुटत होती. ते ऐकून तो धावत दुकान बघायला निघाला आणि त्याला दोघांनी धरून ठेवलं.

"आता जुने शोधा," वहिनी म्हणाल्या. "मंडईच्या वेळचे. त्यानं पुसले असतील, पण तुमच्या फोननं आपोआप जपून ठेवलेत."

निघाले. पाण्याची टाकी पडताना. सिनेमाचं थिएटर पडताना. पोस्टाची इमारत जमिनीत जाताना. सगळं उभं होतं, जिथल्या तिथं. पडलं होतं ते फक्त मंडईचं छप्पर, आणि बाबाच्या चॅनेलवर आता तेवढंच उरलं होतं.

"ही त्याची दृष्टी," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक ग्रुपला वेगळं भविष्य पाठवायचं. जुळलं ते ठेवायचं, उरलेलं पुसायचं. पूर्वीच्या ज्योतिष्याला निदान शंभर वेळा तोंड उघडावं लागायचं. याला सगळं कॉम्प्युटरचं मशीन तयार करून देतं."

"पण बाई, इतकं हुबेहूब?" एकजण म्हणाला. "आपल्या कठड्याचा रंगसुद्धा?"

स्टुडिओवालीनं फोन वर केला, सगळ्यांसमोर पुलाचा एक फोटो काढला आणि फोनला तोंडी सांगितलं, "हा पूल पंख पसरून उडून जातो." लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. चहा पिऊन होईतो व्हिडिओ तयार. आमचा पूल हिरव्या कठड्यांची पिसं फडफडवत ढगात गेला. मुलं खिदळली. मोठी माणसंही हसली.

"याला एआय म्हणतात," ती म्हणाली. "यात मंत्र नाही की विद्या नाही. मला जमतं ते कोणालाही जमतं. तो बाबा तरी खरा माणूस आहे की तोही असाच बनवलेला, मला सांगता येणार नाही."

मला वाटलं, जिंकलो. मी चक्क छाती फुगवली. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "हा खोटा आहे, ते पटलं. पण आमचा खरा असला तर?"

मी डोक्याला हात लावला.

टॅक्सीवाला पुढेच उभा होता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. "गाडी काढतोस?"

"बाई, तुमचं सगळं पटतंय," तो खाली बघत म्हणाला. "पण आई मागे बसली आणि काही झालं, तर मी काय करू? आजचा दिवस जाऊ द्या."

त्या व्हिडिओची खरी करामत मला तेव्हा कळली. त्याचा बाबावर विश्वास उरला नव्हता. पण भीती आत शिरून बसली होती आणि तिला पुराव्याशी काही देणंघेणं नव्हतं. या लोकांना तुमचा विश्वास नकोच असतो, घाबरलात की त्यांचं काम झालं.

"ढकला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी खुर्ची पुलावर घेतली. एकही हात मदतीला पुढे आला नाही. फोन मात्र सगळे वर. मागे वळून बघितलं तर नुसते फोनच दिसत होते, तोंडं दिसतच नव्हती. जॉइंटपाशी चाक फटीत अडकलं, मी खुर्ची उचलून पलीकडे टाकली तेव्हा मागे शेकडो लोक किंचाळले. पूल हलला नाही. वहिनींनी मान मागे टाकून मला विचारलं, "किती अंतर राहिलं?" आणि मग बोलल्याच नाहीत.

पलीकडे सेंटरवर नर्सनं त्यांना बघितलं आणि मला काहीही न विचारता धावली. डॉक्टर नंतर म्हणाले, "आणखी एक दिवस घरी ठेवलं असतंत तर माझ्या हातात काही उरलं नसतं." शेजारची खुर्ची रिकामी होती. वहिनी मशीन सुरू असताना सारख्या त्या खुर्चीकडे बघत होत्या.

शुक्रवार संपला. पूल उभाच. मला वाटलं, आता तरी बाबा तोंड लपवील. छे! शनिवारी सकाळी आमच्या दारात माणसं.

"वहिनी, बाबांना तुम्ही भेटलात कुठं हो?"

त्यांच्या हातातल्या फोनमध्ये वहिनी होत्या. पुलाच्या मधोमध. खुर्ची नाही, सूज नाही, तुरुतुरु चालताहेत. चेहरा त्यांचाच, पदर त्यांचाच. दोन्ही हात वर करून त्या त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारख्याच थांबत थांबत म्हणत होत्या, "उद्याबाबांनी पूल धरून ठेवला. मला बरं केलं. आता मला मशीनची गरज नाही."

काल जे फोन वर होते, त्यातलंच तोंड, त्यातलाच आवाज. लोकांना शहाणं करायला म्हणून त्या जे बोलल्या, त्यातलाच आवाज उचलून यानं त्यांच्या तोंडात दुसरंच घातलं होतं. नकलेला तेवढा आवाज पुरतो, असं स्टुडिओवाली म्हणाली.

"हे मी बोललेच नाही," वहिनी म्हणाल्या.

"अहो, पण तुम्हीच तर आहात यात."

"मी इथं आहे. तुमच्यासमोर. मी सांगतेय, मी बोलले नाही."

आलेल्या बाईंनी प्रेमानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आजारपणात विसरायला होतं, वहिनी. माझ्या सासूबाईंचंही असंच व्हायचं."

वहिनींना मी दादा गेले तेव्हाही असं बघितलं नव्हतं. त्यांना रडू आलं. संतापाचं रडू. स्वतःचं तोंड असून आपण काय बोललो हे लोकांना पटवता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना. मी त्या बाईंना बाहेर काढलं. फार सभ्यपणे काढलं असं म्हणता येणार नाही.

त्या गेल्या आणि टॅक्सीवाला आत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाई, मी आज आईला न्यायला निघालो होतो. पूल पडला नाही, मला काही म्हणायचं उरलं नाही. पण आता आईच येत नाही. म्हणते, बाईंना बरं वाटलं, बाबा मलाही बरं करील. मी म्हटलं, मी तिथं होतो, बाई खुर्चीत होत्या. तर मला म्हणते, तुला काय दिसतंय! तिला श्वास घेता येत नाहीये, बाई."

सोमवारपासून त्या माउलीचं रक्त धुतलं गेलं नव्हतं.

वहिनी उठल्या. "गाडी काढ."

त्याच्या घरी त्याची आई खिडकीशी बसली होती. ओठ काळसर. श्वासागणिक खांदे वरखाली. मांडीवर फोन, आणि फोनमध्ये वहिनी हात वर करून बऱ्या होत होत्या.

"आलीस?" ती म्हणाली. "एकटीच बरी झालीस होय गं? मला सांगितलंही नाहीस."

वहिनींनी वाद घातला नाही. खाली तिच्यापाशी बसल्या आणि डावी बाही वर केली. मशीनच्या सुया टोचायला डॉक्टरांनी त्या हातात शीर जोडून दिलेली आहे, फिस्टुला म्हणतात त्याला. तिथं दोरखंडाच्या गाठीसारखा फुगवटा आहे. त्या फुगवट्यावर कालच्या दोन पट्ट्या होत्या, चिकटपट्टीच्या कडेला सुकलेलं रक्त.

"हात लाव," वहिनी म्हणाल्या.

तिनं अंगठा फिरवला. आधी एका पट्टीवरून, मग दुसऱ्या. डॉक्टरला तपासून बघावं लागलं असतं, तिला बोटानंच कळत होतं. तिच्या स्वतःच्या हातावर तसेच डाग होते, फक्त शिळे.

"कालच्या?"

"कालच्या. नाहीतर आज तुझ्यासमोर बसले नसते."

तिनं फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला. व्हिडिओतल्या वहिनींनी दोन्ही हात वर केले, बाह्या मागे सरकल्या. हात गोरेपान, सडपातळ, गुळगुळीत. एखाद्या निरोगी बाईचे.

"हिच्या हाताला गाठ कुठाय?" तिनं विचारलं. मग तिच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "मेल्यानं हातच चुकवला की. ही तू नव्हेस."

"नाही. मी ही, तुझ्यासमोर बसलेली."

"मग चल," ती मुलाला म्हणाली. "बघत काय बसलास? गाडी आण."

टॅक्सीत मी पुढे बसलो, त्या दोघी मागे, नेहमीसारख्या. पूल आला. टॅक्सीवाल्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. जॉइंटवर 'धडक' झालं, त्यानं डोळे मिटले आणि उघडले. त्याची आई मागून म्हणाली, "पुढे बघ रे." तिला आठवडाभर हॉस्पिटलात ठेवावं लागलं. वाचली. पण त्या दिवसांत हृदयाला जी इजा झाली ती भरून येणारी नाही, असं डॉक्टर म्हणतात. जिना चढायचा म्हटलं तर आता मुलाला उचलून न्यावं लागतं. पूल काही पडला नाही, तरी एक माणूस पडलं.

उद्याबाबाचं चॅनेल आम्ही तक्रार करून बंद पाडलं. नव्या नावानं तो पंधरवड्यात परत आला. दाढी काळी करून. मला आता दमायला होतं.

तरीही सांगतो, कारण सांगण्यावाचून दुसरं काही माझ्या हातात नाही. खरं-खोटं ओळखायला फोनमधल्या माणसाची बोटं मोजू नका, ओठ जुळतात का याच्यावर विसंबू नका. आज मशीन हातावरची गाठ विसरलं, पुढच्या खेपेला विसरणार नाही. खोटं दिवसेंदिवस गुळगुळीत होत जाणार आहे आणि आपल्या डोळ्यांना ते ओळखता येणार नाही, हे आधी मान्य करा. त्यात कमीपणा नाही. पण अंगावर काटा आला, राग आला, पुढे पाठवायला बोट शिवशिवलं, की तिथंच थांबा. हे पहिल्यांदा कोणी टाकलं, ते शोधा. शेजारच्याच्या फोनवर काय आलंय ते विचारा. जो म्हणतो मला सगळं दिसतं, त्याचे चुकलेले अंदाज कुठं गेले ते विचारा. आणि ज्या माणसाबद्दल आहे तो माणूस चार घरं सोडून राहत असेल, तर चपला घाला आणि त्याच्या घरी जा. तो म्हणाला 'मी हे बोललो नाही', तर त्याचं ऐका. फोनचं नको.

आमच्याकडे तर तेवढंही चालायला लागत नव्हतं. पूल पाठीमागेच उभा होता. फोन खाली करून नुसतं वळायचं होतं.